वहिनींच्या हातानं जाळ निघायचा नाही

मी आज जो काही आहे तो माझे थोरले चुलते सोपानआप्पा यांच्यामुळे. वडील गेल्यावर त्यांनी मला सांभाळलं, घरातला पहिला पदवीधर केलं. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर... त्यामुळे भानामती, हातगुण असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. तरीही हे लिहितोय.

साल अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव असेल. मी कुरकुंभला एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला होतो, सुट्टीला मांडवगण फराट्याला आप्पांकडे यायचो. नदीकाठी आमची थ्री फेज मोटर. स्टार्टर जळालेला, म्हणून ती सरळ मेन स्विचवर चालायची आणि त्या स्विचला झाकणही नव्हतं. मोटर बंद करायला स्विचचा दांडा खाली ओढला की चट्ट आवाज होऊन हिरवट जाळ उठायचा. उठणारच! मोटर म्हणजे तारेची वेटोळी. त्यातला करंट एकदम थांबत नाही, उघडलेल्या फटीतून हवेत उडी घेतो. घरचे सगळे भ्यायचे. शाळेत असल्यापासून तो दांडा ओढायचा मान माझा.

त्या रविवारी दुपारी मी दांड्याला हात घालणार, तोच आप्पा म्हणाले, "थांब दत्ता. सूनबाईला येऊ दे. तिच्या हातानं जाळ निघत न्हाई."

सूनबाई म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको, सुरेखावहिनी. वरवंडची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. कांद्यातून उठून आल्या, पदराला हात पुसले आणि दांडा सावकाश खाली ओढला — सावकाश, म्हणजे जाळ जास्तच व्हायला हवा. काही नाही! आवाजसुद्धा नाही. मोटर घरघरत शांत झाली.

"भावजी, तोंड मिटा," वहिनी म्हणाल्या. "चिलटं जात्याल."

आप्पा इतके हसले... माझ्या डिग्रीच्या निकालालाही तसे हसले नव्हते.

मला तो आठवडा कंपनीत जेवण गेलं नाही. पुढच्या रविवारी करंट मोजायचा टाँग टेस्टर घेऊन गेलो. तारेभोवती लावला, मोटर पूर्ण करंट घेत होती, पाणी पाटात पडत होतं. पॉलिश पेपरनं स्विचचे कॉन्टॅक्ट घासले. मी ओढला — चट्ट, जाळ. पुन्हा मोटर चालू केली, वहिनींनी ओढला — काही नाही. चार-पाच वेळा तेच.

"आप्पा, हे होऊच शकत नाही," मी म्हणालो. "एका फेजचा करंट सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो; नेमका तेव्हाच दांडा सुटला, असं एखाद्या वेळी होईल. पण तिन्ही फेज एकाच क्षणी शून्यावर येतच नाहीत!"

"तुझं पुस्तक खोटं न्हाई रं," आप्पा म्हणाले. "पण ही करतीया तेबी डोळ्यादेखत हाय की."

"मामंजी, भावजींना वाईट वाटतंय," वहिनी हसू दाबत म्हणाल्या. "म्या करू का मुद्दाम जाळ?"

वाईट वाटत नव्हतं. जळत होतो मी! आप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला बांधावर थांबवून सुनेचा हात दाखवायचे. त्यांचा इंजिनिअर शेजारी उभा आहे, हे सांगायचं राहून जायचं.

कंपनीत सीनिअरना विचारलं. एक म्हणाले, हाताचा वेग. दुसरे नुसतेच हसले.

शेवटी आप्पांना पत्र लिहिलं. आप्पांना वाचता येत नाही. पत्रं वहिनीच वाचून दाखवतात, हे माहीत असूनही लिहिलं —

"ती. आप्पांस साष्टांग नमस्कार.

वहिनींच्या हातात काय आहे ते मला सापडलं नाही, आणि खरं सांगतो, मला ते आवडलंही नाही. येत्या रविवारी नवा स्टार्टर घेऊन येतो. त्यात जाळ डब्याच्या आतच राहतो. कुणाच्या हातानं निघाला, कुणाच्या नाही, ते बाहेर दिसत नाही. लाल बटण दाबलं की मोटर बंद. मग कुणीही दाबा. पण पहिल्यांदा मीच दाबणार, आणि तेव्हा तुम्ही माझ्याजवळ उभं राहायचं.

वहिनी, हे शेवटचं वाक्य गाळू नका. मोठ्यानं वाचा.

तुमचा,
दत्ता"