तुरीच्या दाण्याएवढी

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच कुणाच्या तरी गाठीचं माप टाईप करत होते. चिखलीतल्या एका सोनोग्राफी सेंटरवर रिपोर्ट टाईप करायचं माझं काम. दीड महिना होत आला, पण अजून आकडा टाईप करताना बोट अडखळतं...

माझा हा मोठा भाऊ धामणगाव बढ्याला शाळेत विज्ञान शिकवायचा. मैदानात ज्वारीचा दाणा ठेवून म्हणायचा, "ही आपली पृथ्वी." पन्नासेक पावलांवर घमेलं पालथं घालायचा, "अन् हा सूर्य." त्याच्या पुढचा तारा कुठं, असं पोरांनी विचारलं की, "त्याच्यासाठी अमेरिकेले जा लागते बे! तिकीट तुह्या बापाले मांग." पोरं खिदळायची. मग टाचणी काढायचा. "हिच्या डोक्यावर पेशीयचं अख्खं गाव मावते. लहान हाये म्हणून कोणाले हलकं समजू नका."

असा माणूस! त्याच्याच गळ्याला गाठ आली आणि तो आमच्याच सेंटरवर आला. 'पुढील तपासणी त्वरित करावी' ही डॉक्टरांची ओळसुद्धा मीच टाईप केली. बाहेर बाकावर त्यानं विचारलं, "केवढी हाये वं?" आमच्याकडं मिलीमीटर कोण ऐकतं? मूग, तूर, हरभरा, असंच सांगावं लागतं. त्याचं उतरलेलं तोंड मला पाहवेना. म्हटलं, "तुरीच्या दाण्याएवढी तं हाये, दादा. काऊन एवढा घाबरून राह्यला?"

त्याच्या जिवात जीव आला. "मंग पोरायचं विज्ञान प्रदर्शन होऊ दे." प्रदर्शन झालं, परीक्षा झाल्या. तोवर ती गाठ कुठली दाण्याएवढी राहते!

मी खोटं बोलले नव्हते हो, माप तेवढंच होतं. पण पोरांना आयुष्यभर जे शिकवलं ते बहिणीच्या एका शब्दावर विसरला वेडा. वहिनी उलट मलाच धीर देते, "ताई, तुम्ही सांगतलं म्हणून त्याईले काही दिवस तं सुखाची झोप लागली." ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

परवा रोहिणखेडच्या एक मावशी रिपोर्ट घ्यायला आल्या. कागद उलटा धरून विचारलं, "केवढी हाये वं माय?" मुगाएवढी होती. तोंडात आलेला शब्द गिळला.

"मोठी हाये, मावशी. लई मोठी. घरी जाऊ नका, आजच पुढच्या दवाखान्यात जा."

मावशी मटकन खाली बसल्या, पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मी त्यांना रडू दिलं.