नाव न घेता सांगितलेली गोष्ट

एका अकरा वर्षांच्या मुलीचं नाव मी खराब केलं, आणि ते तिला परत देता आलेलं नाही. तेव्हा मी तिचं नाव घेतलं नव्हतं, इथंही घेणार नाही.

श्रीरामपूरच्या पुढं, कालव्याच्या कडेला आमची बावीस ख्रिस्ती घरांची वस्ती आहे. चारी बाजूंनी ऊस, मधे पत्र्याचं छोटं चर्च. आठवडाभर मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाढे शिकवायची आणि रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की चर्चच्या ओसरीत मुलांना धर्मशिक्षण द्यायची. सव्वीस वर्षं दिलं. कुणी सांगितलं नव्हतं, पगार नव्हता, पण मान होता. मान मला फार आवडायचा, हे तेव्हा मी कबूल केलं नसतं.

ईस्टरच्या आधी फादर पापनिवेदन ऐकायला यायचे. शहरातल्या चर्चमध्ये त्यासाठी लाकडी पेटी असते, आमच्याकडे फादर वेदीच्या मागं खुर्ची टाकून बसायचे आणि माणसं बाहेर कडुनिंबाखाली रांग लावायची. कोण किती वेळ आत होतं याकडे अख्ख्या रांगेचं लक्ष. पोरांची वेगळीच तऱ्हा. खुर्चीपुढं गुडघे टेकले की त्यांना एकही पाप आठवायचं नाही. मग ती रांगेतच एकमेकांकडे पापं उसनी मागायची. "तुझं हरभरे उपटल्याचं मला दे ना, मी तुला खोटं बोलल्याचं देतो."

यावर मी चिठ्ठ्यांची युक्ती काढली. प्रत्येकानं आदल्या दिवशी शांत बसून आपल्या अंतःकरणात बघायचं, सापडेल ते कागदावर लिहायचं, फादरांपुढं वाचायचं. नंतर सगळ्या चिठ्ठ्या धूपदानातल्या निखाऱ्यांवर जाळायच्या. चिठ्ठी कुणी वाचायची नाही, बाईंनीसुद्धा नाही, हा नियम मीच केला होता. फादरांना युक्ती आवडली होती. मी आठवडाभर हवेत होते.

ती मुलगी बोलायची कमी, विचारायची जास्त. "देवाला सगळं आधीच माहीत असतं तर आपण सांगायचं कशाला?" असे प्रश्न. घरी तिची आजी अंथरुणाला खिळलेली, डावं अंग गेलेलं. आई पहाटे दुसऱ्यांच्या शेतावर खुरपायला जायची, बाप कारखान्यात. आजीला पुसणं, चादर बदलणं, भरवणं सगळं या पोरीकडे. शाळेत उशिरा यायची आणि तिच्या हातांना फिनेलचा वास यायचा. मी तिला उशिराबद्दल उभं करायची. हेही लिहायला हवं.

त्या वर्षी चिठ्ठ्या जाळताना निखारे विझत आले होते. एक चिठ्ठी नुसती कडेनं करपली आणि उलगडली. अक्षर मी ओळखलं. मला डोळे दुसरीकडे वळवता आले असते. मी वळवले नाहीत.

"मी देवाला रोज सांगते आजीला ने. मला तिचा वास येतो. ती माझ्याकडे बघून हसते तेव्हा जास्त सांगते."

एवढंच. मी ती चिठ्ठी पुन्हा निखाऱ्यावर टाकली आणि फुंकर मारली. तिनं ते फादरांना सांगितलं होतं, क्षमा मिळाली होती, गोष्ट संपली होती. खुद्द देवानं मिटवलेली गोष्ट उघडणारी मी कोण, असं मला वाटायला हवं होतं. त्याऐवजी माझ्या मनात आलं की ही गोष्ट कुणालातरी सांगितली पाहिजे.

उपवासकाळातल्या गुरुवारी बायकांची जपमाळ असायची आणि शेवटी मी दोन शब्द बोलायची. त्या गुरुवारी मी माणसाच्या अंतःकरणावर बोलले. म्हटलं, "आपल्याच एका लेकराला घरातलं म्हातारं माणूस इतकं जड झालंय, की ते रोज देवाला म्हणतं, हिला घेऊन जा. मी नाव घेत नाही. पण आपण शेजारी काय करतो?" माझा हेतू असा, की बायकांना लाज वाटावी आणि त्यांनी त्या घरी पाळ्या लावाव्यात. हेतू खरा होता, हे मी आजही सांगते. पण बोलता बोलता सगळ्या बायका गप्प झाल्या, कुणीतरी च्‌च्‌ केलं, आणि ते मला गोड लागलं. तेही खरं होतं. एकाच वाक्यात दोन्ही होती आणि दुसरं जास्त होतं.

बावीस घरांत अंथरुणाला खिळलेली म्हातारी एकच. हाताच्या काकणाला आरसा कशाला? संध्याकाळी नळावर पोरीच्या आईला कुणीतरी विचारलं, आणि तिनं सगळ्यांदेखत पोरीच्या थोबाडीत मारली. पाळ्या कुणीच लावल्या नाहीत.

ईस्टर झाला आणि नवव्या दिवशी म्हातारी गेली. बोलाफुलाला गाठ पडली, दुसरं काही नाही. पण वस्ती तसं म्हणेल तर ना. "पोरीनं मागितलं आन् देवानं दिलं," एक म्हणाली. दुसरी पदराआडून म्हणाली, "सुंठीवाचून खोकला गेला की तिचा." मी दोन्ही ऐकलं आणि मान खाली घातली. तिथल्या तिथं तोंड उघडलं असतं तर काय बिघडलं असतं? माझा मान गेला असता. तेवढंच.

दफनाच्या वेळी सगळे मूठमूठ माती टाकत होते. ती पोर माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. मला वाटलं, बातमी माझ्याकडून फुटली हे तिला कळलं नसावं. हळूच म्हणाली, "बाई, देव खरंच ऐकतो का?"

सव्वीस वर्षांत हा प्रश्न मला शंभर पोरांनी विचारला असेल. उत्तर पाढ्यासारखं पाठ. मी तिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, "ऐकतो ना, सगळं ऐकतो."

ती हातातली माती तशीच घेऊन मागं सरली.

पुढच्या वर्षी पापनिवेदनाच्या रांगेत ती उभी राहिली, नंबर आला तशी रांगेतून निघाली आणि सायकलींपाशी जाऊन बसली. त्यानंतर रांगेतही आली नाही. परीक्षेच्या दिवशी पोरं तिला म्हणायची, "गणिताच्या सरांसाठी कर ना गं प्रार्थना." हसायची. मी त्या पोरांना छड्या मारल्या, म्हणजे माझं पाप त्यांच्या हातावर काढलं. आणखी वर्षा-दोन वर्षांत ते कुटुंब वस्ती सोडून पुण्याकडे गेलं.

धर्मशिक्षणात मी शिकवायची की पाप मोठं व्हायला तीन गोष्टी लागतात. गोष्ट गंभीर हवी, ती गंभीर आहे हे माहीत हवं, आणि ती राजीखुशीनं केलेली हवी. ते कुटुंब गेल्यावर मी या तिन्ही गोष्टी स्वतःला लावून बघितल्या. दोन महिने मधल्या गोष्टीत पळवाट शोधली, की मला कुठं माहीत होतं असं होईल? पण नियम मीच केला होता, माहीत नसायला जागाच नव्हती. शेवटी खुर्चीपुढं गुडघे टेकले आणि सगळं सांगितलं. म्हटलं, "फादर, माझा हेतू चांगला होता."

म्हातारे फादर म्हणाले, "बाई, चांगल्या हेतूनं वाईट काम चांगलं होत नाही, हे तुम्हीच पोरांना शिकवता ना? देवानं क्षमा केली. पण माणसाचं नाव घालवलं तर ते परत करावं लागतं. जिथं जिथं गेलं तिथं जाऊन."

मी घरोघर गेले. जपमाळेला असलेल्या एकेकीला म्हटलं, मी त्या दिवशी त्या पोरीबद्दल बोलले ती माझी चूक, पोरीचं काहीच चुकलं नव्हतं, थकलेलं लेकरू होतं ते. मला वाटलं होतं, माझ्यावर चिडतील, निदान पोरीसाठी हळहळतील. पहिल्याच दारात बाई भाकरी थापता थापता म्हणाली, "आवो बाई, तुमी कुठं नाव घेतलं हुतं? आमी आपलं वळाखलं. तुमी कशाला वाईट वाटून घेता?" दुसऱ्या दारात तेच, तिसऱ्या दारात तेच. एक तर माझीच समजूत काढायला लागली. "तुमचं मन लई मोठं हाय बाई," म्हणाली. मी त्या पोरीचं नाव परत द्यायला गेले होते आणि माझंच आणखी मोठं करून परत आले. त्या दिवशी चर्चमध्ये बसून मी खूप रडले, आणि रडताना दाराकडे लक्ष होतं, कुणी बघतंय का. असलं माझं अंतःकरण.

याला पंधराएक वर्षं झाली. मी निवृत्त झाले, नगरचं अहिल्यानगर झालं, धर्मशिक्षण आता एक तरुण मुलगी घेते आणि चिठ्ठ्या लिहून घेत नाही. मी लग्न केलं नाही, घरात आई आणि मी. दोन वर्षांपूर्वी आई न्हाणीत पडली, तेव्हापासून अंथरुणावर आहे. तिला पुसणं, चादर बदलणं, भरवणं माझ्याकडे.

आणि एक दिवस भर दुपारी तिची चादर ओढता ओढता मी स्वतःला म्हणताना ऐकलं, "देवा, ने रे हिला." आईनं वर बघितलं आणि ती हसली. इतकी वर्षं मी त्या चिठ्ठीकडे लेकराचं पाप म्हणून बघत होते, फार तर माफ करण्याजोगं. ते पाप नव्हतंच. वाकलेल्या पाठीतून निघालेला आवाज होता तो, आणि मी त्याची गोष्ट करून बायकांना सांगितली होती.

गेल्या नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, कबरींना चुना लावायला सगळे जमले होते. म्हातारीच्या कबरीपाशी एक उंच मुलगी वाकून चुना लावत होती. मला ओळखायला वेळ लागला नाही. ती पुण्यात एका दवाखान्यात नर्स आहे. दरवर्षी येते, म्हणाली, कबर रंगवते आणि मिस्सा सुरू व्हायच्या आत निघून जाते.

मी तिला सांगितलं. चिठ्ठी, निखारे, गुरुवारची जपमाळ, काही झाकलं नाही. ती ब्रश फिरवत ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला माहीत होतं बाई. आईनं मारलं तेव्हाच कळलं. चिठ्ठी दुसरं कोण वाचणार?"

"मग मला बोलली का नाहीस?"

"त्याचा राग नव्हताच एवढा." तिनं ब्रश डब्यात ठेवला. "माती टाकताना मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, देव सगळं ऐकतो. नऊ वर्षं मी तेच धरून बसले. ऐकणारा असेल तर आजीला मीच मारलं ना? नर्सिंगला गेल्यावर कळलं की तिला दुसरा झटका आला असणार. तरी सुटेना. मग एक दिवस ठरवलं, ऐकणारा कुणी नाहीच. त्या दिवसापासून झोप लागते."

सव्वीस वर्षांचं धर्मशिक्षण माझ्या तोंडाशी आलं. देव ऐकतो म्हणजे हुकूम पाळतो असं नाही, लेकराचं दुःख आणि लेकराची इच्छा त्याला वेगवेगळी कळतात, असं बरंच. सगळं बरोबर होतं आणि सगळं पंधरा वर्षं उशिरा होतं. ते पटवून द्यायचं तर तिची झोप हिसकावून घ्यावी लागली असती. मी गिळलं. एवढंच म्हणाले, "माझी आई दोन वर्षं अंथरुणावर आहे. मीही तेच मागते. तुझ्यासारखंच, रोज."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. वाटलं, आता काहीतरी बोलेल, माफ केलं म्हणेल. ती म्हणाली, "पाठीला जखम झालीय का?"

"माकडहाडापाशी एक."

"दर दोन तासांनी कूस बदला. हवेची गादी मिळते, ती घ्या. जागा कोरडी ठेवा, चोळू नका." मग हाताचा चुना फडक्याला पुसत म्हणाली, "येते बाई," आणि चर्चची घंटा व्हायच्या आत स्टँडकडे निघून गेली.

मी गादी आणली. दर दोन तासांनी आईची कूस बदलते. हात थकले की ते शब्द अजून तोंडाशी येतात आणि मी दात दाबून धरते. ऐकणारा आहे असं मी अजून मानते, म्हणून मला त्याची भीती वाटते. आणि तो नसेल तर पोरीचं खरं, या विचारानं त्याहून जास्त वाटते. पूर्वी अशा वेळी मी प्रार्थना करायची.

जखम भरत आली आहे. मागच्या शुक्रवारी फादर आईला कम्युनियनची पवित्र भाकर द्यायला घरी आले होते. जखम भरत आल्याचं ऐकून म्हणाले, "बाई, प्रार्थना फळाला आली."

"नाही, फादर," मी म्हटलं, "एका मुलीनं सांगितलं तसं केलं. फार चांगली मुलगी आहे."

"कोण?"

पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी तिचं नाव मोठ्यानं घेतलं, आडनावासकट. फादर नवीन आहेत, जूनमध्येच आलेत. त्यांनी जरा आठवून बघितलं आणि म्हणाले, "माझ्या ओळखीची नाही."