मावशींचा रविवारचा फोन

मिरजेत आमच्या गल्लीत फोन एकट्या आमच्याकडे होता, त्यामुळे तो कधी आमचा नव्हताच. निम्म्या गल्लीच्या लग्नपत्रिकांवर आमचा नंबर छापलेला असायचा. पुढे कंसात पी.पी., म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, ते बोलावून देतील. बोलावून देणारे आम्ही. हातातला घास टाकून गॅलरीतून हाका मारायच्या, आणि माणूस चप्पल शोधून येईपर्यंत रिसीव्हर धरून उभं राहायचं. बायको हे हसतमुखाने करायची. माझं डोकं फिरायचं.

रविवार मावशींचा. समोरच्या घरात त्या एकट्या राहायच्या. मुलगा फौजेत, दर रविवारी दहाला त्याचा फोन. मावशी साडेनऊलाच वेणी घालून, धुतलेलं लुगडं नेसून आमच्या सोफ्याच्या कडेवर येऊन बसत. घंटा वाजली तरी स्वतः फोन उचलत नसत, आम्ही हातात द्यायचा. मग "जेवलास का रं?" असं एवढ्या मोठ्यांदा विचारत की वायर नसती तरी सीमेवर ऐकू गेलं असतं. माझ्या पेपरवाचनाचं वाटोळं व्हायचं.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा आमच्याकडे मोबाइल सुरू झाले. मी बियाण्यांच्या कंपनीत, सोमवार ते शनिवार साताऱ्याच्या भागात फिरती. दोन्ही फोन ठेवणं परवडणारं नव्हतं. मोबाइल घ्यायचा आणि घरचा बंद करायचा, असं मी जाहीर केलं.

"आणि मावशींचं काय?" बायकोने विचारलं.

"त्याला माझा नंबर द्या म्हणावं. रविवारी मी घरीच असतो."

"रविवार सोडून केला तर?"

"आजवर केलाय का कधी?"

वादात जिंकलो म्हणून मी खूश झालो. फोन जमा करून आलो, सोफ्याशेजारी नुसती वायर लोंबत राहिली. पुढचे चार-पाच रविवार सगळं सुरळीत चाललं. मावशी मोबाइल कानाला लावून गच्चीवर उभ्या राहत, कारण रेंज तिथेच यायची. गुडघे धरत जिना चढत, पण तक्रार केली नाही.

मग एका बुधवारी, साताऱ्यात पोवई नाक्यावर दुकानदाराशी बोलत असताना फोन वाजला.

"काका, मी बोलतोय. आईला द्या की."

"अरे, मी साताऱ्यात आहे."

तो म्हणाला, "आज वर चौकीवर निघालोय आमी. तितं फोन न्हाई. दोन-तीन म्हैने तरी."

समोर दुकानदार ऑर्डरची वही उघडून बसलेला. मी म्हणालो, "निरोप सांग, लवकर. रेंज जाईल."

"काई न्हाई. मागं रांग हाय. आईला म्हनावं, मी बरा हाय. लय काळजी करू नगं."

आणि फोन कटला. मी ऑर्डर लिहून घ्यायला लागलो. तीन ओळी लिहिल्यावर हात थांबला. हे आत्ताच्या आत्ता मावशींना कळवायला हवं, पण कळवायचं कुठे? खिशात फोन होता आणि आमच्या गल्लीत वाजेल असा एकही फोन मी ठेवला नव्हता. स्वतःच्या शहाणपणाची एवढी चीड मला त्याआधी कधी आली नव्हती. दुकानदाराला तसाच सोडला आणि मिळाली ती एसटी पकडली.

दिवेलागणीला पोहोचलो. मावशी दारात तांदूळ निवडत होत्या. मला आडवारी बघून त्या उठूनच उभ्या राहिल्या. मी घाईघाईने आधी "तो बरा आहे" म्हणालो, मग सगळं सांगितलं.

"आवाज कसा व्हता त्येचा?"

"बरा होता."

"बरा म्हंजी? दमल्यावानी? सर्दी झाल्यावानी?"

मी आठवून पाहिलं. मला ट्रकचा हॉर्न आठवला, दुकानदाराची वही आठवली. आवाज आठवेना. महिनोन् महिने पुरवायचा होता तो आवाज, आणि तो माझ्या कानात वाया गेला होता. मला लाज वाटली, आणि मी तसं सांगूनही टाकलं.

"असू द्या भाऊ. येवढ्या लांबनं आलासा, बसा," त्या म्हणाल्या. सूप बाजूला ठेवलं. "त्यो काय म्हनला त्ये परत सांगा."

"आईला सांगा, मी बरा आहे म्हणाला."

"तसं नगं. त्यो म्हनला तसं म्हना."

मी उंबऱ्यावर बसलो. बेचाळीस वर्षांचा बाप्या, घसा खाकरला आणि म्हणालो, "आई, मी बरा हाय. लय काळजी करू नगं."

मावशींनी डोळे मिटून घेतले होते.

"व्हय रं," त्या म्हणाल्या. "जेवलास का?"