नाथाजीचा रोटर

कराडच्या नाक्यावर नाथाजी डुबलचं लहानसं गॅरेज आहे. तिथं बंद पडलेली गाडी आली की नाथाजी आधी गाडीकडे बघतच नाही. ड्रायव्हरला समोर उभं करतो आणि म्हणतो, "खिसं उलटं कर." ड्रायव्हरच्या खिशातून विड्या, काडेपेटी, कंगवा, अंगाऱ्याची पुडी असं काहीबाही निघतं. ते सगळं नीट बघून झालं की मग नाथाजी बाह्या वर सारतो आणि बॉनेट उघडतो. लोकांना वाटतं, ही लष्करातली शिस्त. ती आहेच, पण अर्धी. उरलेली अर्धी आष्ट्याच्या अलीकडच्या एका विहिरीवर त्याच्या अंगी बाणली. त्या दिवशी मी तिथं होते.

लढाईच्या काळात नाथाजी मिसरच्या वाळूत ट्रक चालवत होता. तिथं हुकूम असा, की गाडी सोडून दहा पावलं जायचं असलं तरी रोटर काढून खिशात टाकायचा. बॉनेटखाली एक काळं झाकण असतं. त्याच्या पोटात अंगठ्याएवढा एक काळा तुकडा बसवलेला असतो, डोक्यावर पितळेची पट्टी. तो रोटर. पंगतीत वाढपी फिरावा तसा तो गरगर फिरतो आणि एकेका प्लगला ठिणगी वाढत जातो. तो काढून घेतला की शत्रूच्या हाती गाडी लागली तरी हलत नाही. पंगत बसलेली आणि वाढपी गायब. एकदा नाथाजी रोटर काढायला विसरला, तर साहेबानं त्याला भर उन्हात पाठीवर वाळूचं पोतं देऊन पळवलं. तेव्हापासून हे काम त्याचे हात करू लागले. डोक्याला विचारायचं त्यांनी सोडून दिलं.

लढाई संपली. लष्करानं मोडीत काढलेला एक जुना ट्रक मिळवून नाथाजी कराडला आमच्या आळीत परत आला, आणि रोटरही सवयीसकट घरात आला. कधी तो देवळीत निरांजनाशेजारी असायचा, कधी लोणच्याच्या बरणीवर, एकदा तर हरभऱ्याच्या डाळीत सापडला.

"हितं कोन शत्रू बसलाय तुमचा टरक न्यायला?" त्याची बायको चंद्राबाई विचारायची.

"शत्रू सांगून येतो व्हय?" नाथाजी म्हणायचा.

एकदा सदऱ्याबरोबर रोटरही धुण्याच्या दगडावर आपटला गेला आणि त्याचे दोन तुकडे झाले. नवा आणायला नाथाजीला कोल्हापूर गाठावं लागलं. त्यानंतर चंद्राबाई नवऱ्याचा कुठलाही सदरा पाण्यात घालण्याआधी खिसे चाचपायची.

सत्तेचाळीस सालच्या मे महिन्यात त्या ट्रकाला पहिलं वऱ्हाड मिळालं. आमच्या शेजारचे धान्याचे व्यापारी रामगोंडा मगदूम यांच्या महावीरचं लग्न ठरलं होतं. मुलगी सांगलीजवळच्या समडोळीची. लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी, पण आदल्या संध्याकाळचं जेवण मुलीकडे. मगदूम जैन. दिवस बुडाल्यावर त्यांच्याकडे कोणी घास तोंडात घालत नाही, आणि नवरदेवाची आजी, गुणमालाआजी, पाण्याचा थेंबही घेत नसत. म्हणजे सूर्य मावळायच्या आत चाळीस माणसं समडोळीत पोचून, हातपाय धुऊन, जेवून उठायला हवी होती. नाही तर मे महिन्याच्या उकाड्यात पोराबाळांसकट सगळे सकाळपर्यंत उपाशी.

"आण्णा, दिवस कासराभर वर असताना समडोळीत उतरवतो," नाथाजीनं निघताना चारचौघांसमोर सांगितलं. "न्हाई उतरवलं, तर ह्या हातात परत स्टेरिंग धरनार न्हाई!"

चंद्राबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं, की हे शेवटचं वाक्य घरी ठेवून आला असता तर बरं झालं असतं.

केबिनमध्ये नाथाजीशेजारी आजी आणि कडेला चंद्राबाई बसली. तिचं माहेर तिकडंच, अंकलीला. लग्न उरकल्यावर ती माहेरी जाणार होती, म्हणून बेसनाच्या लाडवांचा पितळी डबा तिनं बरोबर घेतला होता आणि तो सीटखाली सरकवून ठेवला होता. शेजारी म्हणून वऱ्हाडात सामील झालेले आम्ही मागे, कडब्यावर अंथरलेल्या जाजमावर.

इस्लामपूर मागे पडलं आणि रेडिएटरमधून वाफ यायला लागली. तीन-साडेतीनचा सुमार असेल. रस्त्याकडेला विहीर आणि दोन चिंचा बघून नाथाजीनं गाडी उभी केली. बॉनेट उघडलं, आत हात घालून काहीतरी केलं, मग रेडिएटरचं टोपण फिरवलं. तांबडं गंजकं पाणी उसळून त्याच्या खाकी सदऱ्यावर आलं.

"आता ह्या अवतारात लग्नघरी जानार?" चंद्राबाईनं बोचक्यातून पांढरा सदरा काढून दिला आणि खाकी सदरा विहिरीच्या कट्ट्यावर टाकला.

प्यायला पाणी काढलं. ते दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय कोणी तोंडाला लावणार नव्हतं, त्यामुळं अर्धा तास गेला. मग सगळे गाडीत चढले. नाथाजीनं सेल्फ दाबला. घर्र, घर्र, घर्र. इंजिन काही धरेना.

"इलेक्ट्रिकचा फॉल्ट हाय," नाथाजीनं जाहीर केलं. "खाली उतरा. धा मिंटांचं काम हाय."

माणसं उतरली आणि गाडीभोवती कडं करून उभी राहिली. नाथाजीनं वायरी ओढून बघितल्या, खरवडल्या, जिभेला लावून बघितल्या. दिवे लागत होते. भर उन्हात ते लागले तेव्हा दोघाचौघांनी कौतुकानं मान डोलावली. हॉर्नची वायर काढून परत जोडली, तर हॉर्न जो वाजायला लागला तो थांबेचना. रस्त्यानं चाललेल्या एका बैलगाडीचे बैल उधळले आणि गाडीवान मागे वळून नाथाजीच्या सात पिढ्यांची नावं घेत दिसेनासा झाला. हॉर्न थांबवण्यात आणखी पाव तास मोडला.

मग नाथाजीनं सीट उचललं. खाली बॅटरी, आणि बॅटरीच्या फळीला टेकून लाडवांचा डबा.

"सापडलं!" तो ओरडला. "ह्यो बघा पितळी डबा! शार्ट झालं! बायकामानसं केबिनमधी नकोत म्हनतो, ते ह्यासाठी!"

त्यानं डबा उचलून रस्त्याकडेला ठेवला. ठेवला म्हणजे जवळजवळ फेकलाच. झाकण उडालं आणि तीन लाडू धुळीत गेले. पुरुषांनी "व्हय, व्हय, पितळ वाईटच" अशा माना हलवल्या. चंद्राबाईनं लाडू उचलले, फुंकर घातली, झाकण लावलं आणि डबा घेऊन विहिरीकडे जाऊन बसली.

डबा हलला. सेल्फ दाबला. घर्र, घर्र. इंजिन आपलं गप्प.

"ते काळं झाकान उगडून बगायचं का?" रामगोंडाण्णांनी भीत भीत विचारलं.

"त्याला हात लावू नका आण्णा," नाथाजी म्हणाला. "आतला रोटर सकाळीच सोताच्या हातानं घासून बशिवलाय. तितं फॉल्ट असूच शकत न्हाई."

मी विहिरीवर आजींच्या पायाशी बसले होते. चिंचेची सावली लांब व्हायला लागली होती. लहान पोरं बरोबरचे चुरमुरे संपवून पुन्हा भुकेची रडत होती. चंद्राबाईनं वेळ जावा म्हणून तो खाकी सदरा धुवायला घेतला. गंज वाळला की डाग जात नाही. सवयीप्रमाणं तिनं आधी खिसा चाचपला, आणि हात तसाच आत ठेवून ती थांबली.

"काय गं?" आजींनी विचारलं.

चंद्राबाईनं मूठ उघडून दाखवली. "रोटर हाय, आजी. ह्याच्याबिगर गाडी म्हंजे निस्तं पत्र्याचं खोकं."

"मग दे की जाऊन! बसलीस काय?"

"देते. जरा बसू द्या." ती ट्रककडे बघत होती. ट्रकाखालून नाथाजीचे नुसते पाय दिसत होते. "माझ्या डब्याला वीस बाप्यांम्होरं नावं ठेवली. आता त्येंच्या म्होरंच न्हेऊन देते, म्हंजे फिटंल."

"दे मग तसं. कोन नगं म्हनतंय?"

चंद्राबाई उठली, दोन पावलं गेली आणि परत येऊन बसली.

"काय झालं?"

"सा वर्सं त्ये तिकडं हुतं, आजी. हिकडं जमीन समदी दिरानं कसायला धरली. आता हातात ह्यो टरक तेवढा हाय. ह्यातलं बी कळत न्हाई असं लोकास्नी वाटलं, तर मग त्येंनी करायचं काय?"

आजींनी डोळ्यांवर हात धरून सूर्याकडे बघितलं. "माजं ऱ्हाऊ दे. मला उपास नवा न्हाई. पर ती पोरं बग." मग त्या काठी टेकून उठल्या. "चल. मी सांगन तवा जा. आन् बांगड्या वाजवू नगंस."

गाडीजवळ जाऊन त्यांनी काठी आपटली. "रामू! समदी हिकडं या. त्या चिंचंकडं तोंडं करा, डोळं मिटा आन् नऊ येळा णमोकार म्हना. मनात न्हाई, मोठ्यानं. मधीच कुनी डोळं उगडलं तर त्याची गाठ माज्याशी हाय."

त्या घरात आजींपुढं कोणी बोलत नसे. नवरदेवासकट सगळं वऱ्हाड हात जोडून, डोळे मिटून चिंचेकडे वळलं. मंत्र सुरू झाला. मला तो पाठ नव्हता, म्हणून मी एक डोळा किलकिला ठेवला. आजींचे तर दोन्ही उघडे होते.

चंद्राबाई एका हातानं दुसऱ्या हातातल्या बांगड्या धरून ट्रकापाशी गेली. नाथाजी नुकताच खालून सरपटत बाहेर येत होता. तोंडाला ग्रीस, पांढऱ्या सदऱ्याचं पार पोतेरं. तिनं त्याच्या नाकासमोर मूठ उघडली.

नाथाजीनं रोटरकडे बघितलं. मग पांढऱ्या सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. खिसा रिकामा. मग कट्ट्यावरच्या खाकी सदऱ्याकडे बघितलं. इतका वेळ करंटाची वाट शोधत होता, ती त्याला एकदम सापडली, आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"चवथा चाललाय," चंद्राबाई कुजबुजली. "आटपा."

झाकणाच्या दोन कड्या खटखट निघाल्या, पुन्हा खटखट बसल्या. नवव्या णमोकाराला नाथाजीनं सेल्फ दाबला आणि इंजिन असं धडाडलं, की चिंचेवरचे बगळे उडाले.

मग जो गलका झाला! कोणी आजींच्या पाया पडलं, कोणी ट्रकाच्या. "मंत्राचा गुन!" म्हणत रामगोंडाण्णांनी नाथाजीच्या पाठीवर थाप मारली. "नाथाजीराव, तुमची लष्करी इद्या हरली बगा आज!"

नाथाजीचं तोंड त्या वेळी बघण्यासारखं झालं होतं. खरं सांगावं तर नाव गेलं, न सांगावं तरी गेलं. तो एवढंच म्हणाला, "व्हय आण्णा. हरली." आणि गाडीत जाऊन बसला.

आष्टा कधी गेलं ते कळलं नाही. एवढा वेग त्या ट्रकानं लढाईतही घेतला नसेल. समडोळीच्या वेशीत शिरलो तेव्हा सूर्य उसाच्या शेंड्यांवर जेमतेम कासराभर उरला होता. मुलीकडच्या बायका आरत्या घेऊन दारात उभ्या होत्या. आजींनी केबिनमधूनच हात केला, "ओवाळनं मागनं! आदी पानं मांडा!"

नवरदेव न ओवाळता पंगतीत बसला, असं लग्न मी तेवढं एकच बघितलं. वाढपी धावत होते. पोरं दोन्ही हातांनी जेवत होती. आजींनी शेवटचा पाण्याचा घोट घेतला, पालथी मूठ ओठांवरून फिरवली, आणि त्यानंतर उसाच्या फडावर सूर्याची कड उरली होती तीही बुडाली.

हात धुताना मी हळूच म्हटलं, "आजी, सगळे म्हणतात मंत्रानं गाडी चालू झाली."

"मंत्रानं डोळं मिटलं," आजी म्हणाल्या. "तेवडंच मागितलं हुतं मी."

नाथाजीनं चंद्राबाईची माफी मागितली का, हे मला शेजारीण म्हणून फार दिवस कुतूहल होतं. तिला विचारलं तर ती हसली. "त्येंचं तोंड काय माफी मागायच्या कामाचं हाय व्हय?" म्हणाली, आणि लग्नाच्या दिवशीची गोष्ट सांगितली.

लग्न उरकलं आणि नाथाजी तिला अंकलीला सोडायला निघाला. लाडवांचा डबा तिनं मांडीवर घट्ट धरला होता. नाथाजीनं तो तिच्या हातातून घेतला, सीट उचललं, आणि डबा पहिल्यासारखाच बॅटरीच्या फळीला टेकवून ठेवला.

"शार्ट हुईल की," चंद्राबाई म्हणाली.

"न्हाई हुत," रस्त्याकडे बघत नाथाजी म्हणाला, आणि सेल्फकडे हात नेला.

"थांबा," ती म्हणाली. "आदी खिसं उलटं करा."

नाथाजीनं मुकाट्यानं दोन्ही खिसे उलटे केले. एकातून रोटर निघाला, आणि दुसऱ्यातून अर्धा खाल्लेला बेसनाचा लाडू.