तिच्या हॅटवरची फुलं

ऐंशीच्या दशकात डेट्रॉइटबाहेरच्या एका मॉलमध्ये मी फोटो छापायचं काम करत असे. नवरा गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, मुलं शाळेत, आणि घरी नुसतं बसून राहणं माझ्या स्वभावात नाही.

दर सोमवारी एक कृष्णवर्णीय गृहस्थ रोल घेऊन येत. आठवडाभर बस चालवायची आणि रविवारी आपल्याच गल्लीचे फोटो काढायचे, हा त्यांचा छंद. न्हाव्याच्या दुकानात गप्पा ठोकणारे म्हातारे, दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या मुली, पायरीवर शेंगा सोलत बसलेल्या बायका. त्या वस्तीतून जाताना आम्ही मराठी मंडळी गाडीच्या काचा वर करायचो. मी ती गल्ली पाहिली ती त्यांच्या फोटोंतच.

एकदा ते म्हणाले, "या वेळचे जरा नीट छापा, मॅम. चर्चच्या हॉलमध्ये लावायचेत. आईचा फोटो सगळ्यांत पुढे."

आई चर्चला निघालेली, पांढऱ्या फुलांची हॅट घालून. मी नीट म्हणजे काय केलं, तर मशीनचं बटण दाबून तिचा चेहरा चांगला उजळ केला. मग बाकीच्यांचेही. कुणी सांगितलं होतं? नसती उठाठेव. वर मनात, की खूश होतील.

त्यांनी तो फोटो बराच वेळ पाहिला. आईचा चेहरा राखाडी झाला होता आणि हॅटवरची फुलं पार पुसली गेली होती.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

"मशीनचा प्रॉब्लेम झालाय," मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली.

मला अजून लाज वाटते, कारण मला सगळं ठाऊक होतं. स्थळांना पाठवायचा माझा फोटो साताऱ्याच्या स्टुडिओवाल्याने असाच उजळ केला होता. बघायच्या कार्यक्रमात सासूबाई एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे बघून म्हणाल्या होत्या, "फोटोत उजळ दिसते." तेव्हा जमीन दुभंगली तर बरं, असं मला झालं होतं. आणि तेच मी कुणाच्या तरी आईला केलं.

सगळे फोटो मी त्याच दुपारी पुन्हा छापून दिले. ते पुढेही दर सोमवारी येत राहिले, तितक्याच अदबीने बोलत राहिले. फक्त त्यांच्या रोलच्या पाकिटावर आता मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असे, 'चेहरे उजळ करू नयेत.'

मशीनला वाचता येत नाही, हे त्यांनाही माहीत होतं.