जिथं शीट, तिथं मी

आमच्या वाशिमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षी नावानं हाक मारायची पद्धतच नव्हती. नाव हजेरीपुरतं, बाकी सगळा कारभार गावावर. वर्गात एक केनवड होता, एक शिरपूर होता आणि मी रिठद. "ए रिठद, सरक ना तिकडं," असं कुणी म्हटलं की मी सरकायचे. आधी याचा मला फार राग यायचा. अख्खं गाव माझ्या एकटीच्या पाठीवर लादल्यासारखं वाटायचं. तसा माझ्या नाकावर राग कायमचाच असतो, पण तो कुठल्याही निमित्तानं खाली उतरतोही. जे वाशिमचेच होते त्यांना गाव लावून काही कळायचं नाही, म्हणून त्यांना वडिलांच्या धंद्यावरून ओळखायचे. त्यातलीच एक फ्रेमवाली. तिच्या अब्बांचं बाजारात फोटोफ्रेम आणि काच-आरशांचं दुकान होतं.

आता शेवटच्या वर्षाला आहे, तरी पहिलं वर्ष आठवलं की मला वर्ग आठवत नाही. मला त्या दुकानामागची टिनाची शेड आठवते, तिथला दुपारचा उजेड आठवतो.

मी बोलण्यात कच्ची. रोज एसटीनं जाणं-येणं करायचे आणि सगळा रस्ता खिडकीला डोकं टेकून घालवायचे. बाहेर तूर उभी असायची, हरभरा असायचा, आणि माझ्या डोक्यात भलतंच काहीतरी चालू असायचं. कधी मी न बघितलेल्या शहरात राहत असायचे, कधी वर्गातल्या सगळ्यांशी इतकं भरभरून बोलत असायचे की एकटीच हसायचे. प्रत्यक्षात वर्गात शिरलं की तोंडाला कुलूप. मधल्या सुट्टीत सगळी पोरं-पोरी आलुबोंडे खायला कँटीनकडं पळायची आणि मी वहीत उगाच काहीतरी शोधत बसायचे. मला कुणी नको म्हटलेलं नव्हतं, पण ये असंही कुणी म्हटलेलं नव्हतं.

मला एकच गोष्ट यायची. रेघ. आमच्या घरात कुणी सुतार नाही, मिस्त्री नाही, पण ड्रॉइंगच्या भल्या मोठ्या कागदावर मी पेन्सिल टेकवली की रेघ सरळ, एकसारखी, न थरथरता जायची. मॅडमनी माझं पहिलं शीट वर्गाला दाखवलं आणि त्याच दिवशी केनवड माझ्या बाकाजवळ आला. हा वर्गातला सगळ्यात बोलका मुलगा. गप्प बसला तर आजारी आहे असं समजायचं.

"रिठद, शीट दे ना. उद्या वापस."

मी दिलं. दुसऱ्या दिवशी ते परत आलं तेव्हा एका कोपऱ्यावर तर्रीचा ठिपका होता. पण मला ठिपक्याचं काही वाटलं नाही. मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. दिवसभर केनवड आणि त्याच्यासोबतची चार-पाच जणं आदल्या दिवसाच्या आठवणी काढून हसत होती. फ्रेमवालीच्या दुकानामागच्या शेडमध्ये कोण काय बोललं, चहात मीठ कुणी टाकलं, केनवड स्टुलावरून कसा पडला. माझं शीट तिथं होतं. मी नव्हते. मला माझ्याच शीटचा हेवा वाटला.

पुढच्या शीटच्या वेळी केनवड पुन्हा आला. मी आदल्या दिवशी बसमध्ये बसून पाठ केलेलं वाक्य त्याला सांगितलं. "तुम्ही कोपरे दुमडता. माझं शीट आता माझ्या हातातून सुटणार नाही. जिथं शीट, तिथं मी."

"म्हणजे तू बी येशीन?"

"नाइलाज आहे," मी म्हटलं.

ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात, ते हेच.

अशी मी त्या शेडमध्ये पोचले. इंजिनिअरिंगला असलेल्यांना जीटी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. काच आडवी ठेवायची, तिच्याखाली दिवा लावायचा. काचेवर आधी कुणीतरी मेहनतीनं काढलेलं शीट, त्यावर आपलं कोरं शीट. खालच्या उजेडानं खालच्या रेघा वरच्या कागदावर दिसतात, त्यावरून पेन्सिल फिरवायची. डोकं लागत नाही. पण फ्रेमवालीकडं दिवा नव्हता. त्या शेडमध्ये लाइटचा एकच बोर्ड, आणि त्यावर तिच्या अब्बांची, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या चाचांची, लाकूड कापायची मशीन. म्हणून तिनं दुसरीच युक्ती काढली होती. शेडच्या कडेला दोन स्टुलांवर दुकानातली मोठी काच ठेवायची आणि खाली जमिनीवर एक विकला न गेलेला, कडेनं पारा उडालेला आरसा तिरपा लावायचा. तीननंतर ऊन तिरपं होऊन शेडच्या आत यायचं, आरशावर पडायचं आणि तिथून सरळ वर काचेला लागायचं. वर टिनाची सावली, खालून ऊन. कोऱ्या कागदातून माझ्या रेघा हळूहळू वर यायच्या, तापत्या दुधावर साय धरावी तशा.

पण ऊन एका जागी थांबत नाही. दर थोड्या वेळानं आरसा फिरवावा लागायचा. माझं शीट आधीच झालेलं, मला छापायचं काहीच नसायचं, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. मी खाली पोत्यावर बसून आरसा धरायचे.

त्या कामाइतकं सुखाचं काम मी अजून केलेलं नाही. वर तीन-चार चेहरे काचेवर वाकलेले, त्यांच्या हनुवट्या खालून उजळलेल्या. आरसा जरासा हलला की उजेडाचा तुकडा टिनावर जायचा, फ्रेमांच्या लाकडी पट्ट्यांवरून फिरायचा, कुणाच्या तरी कानावर बसायचा. "ए रिठद, ऊन गेलं ना!" अशी ओरड व्हायची आणि मी ऊन परत आणून द्यायचे. चाचा मधूनच डोकावून म्हणायचे, "बेटा, कोहनी मत टेको. काच फुटली तं दुसरी भेटीन, हात कुठून आणशीन?" मग चहा यायचा. केनवड आपण बांधणार असलेल्या पुलाबद्दल बोलायचा. पूल कुठल्या नदीवर, ते दर वेळी बदलायचं. फ्रेमवाली म्हणायची, पुलाले दोन्ही बाजूनं आरसे लावू, म्हणजे नदी दुप्पट दिसीन. मी खाली बसून ऐकायचे, आणि कधीमधी मीसुद्धा एखादं वाक्य बोलून जायचे. ते हसायचे. मी बोललेल्या गोष्टीवर कुणी हसतंय, हे मला बसमध्ये रिठदपर्यंत पुरायचं.

फक्त एक किडा डोक्यात वळवळायचा. हे मला बोलावतात की माझ्या शीटला? उद्या माझा हात मोडला तर इथं पोत्यावर बसायला मला कोण बोलावणार आहे? हा प्रश्न विचारायचा तरी कुणाला! मी स्वतःच शीटची शेपटी धरून आत शिरलेली.

मग ते ठोकळ्याचं शीट आलं. एक पायऱ्यापायऱ्यांचा ठोकळा तिरपा बघितल्यावर कसा दिसेल ते काढायचं होतं आणि त्याच्या माथ्यावर एक गोल आरपार छिद्र होतं. मी ते घरी सकाळी काढायला बसले. हात रेघा ओढत होता आणि मन शेडमध्ये होतं. आज काय बोलायचं, कशावर हसतील, याच्याच विचारात होते. शीट देखणं झालं. मी गुंडाळून शीटच्या लांब डब्यात घातलं आणि बस पकडली.

दुपारी नेहमीसारखी मी आरसा धरून बसले आणि कधी नव्हे ते बरंच बोललेही. वर तिघंजण एकाच काचेवर आळीपाळीनं छापत होते. केनवडचं होऊन गेलं होतं आणि फ्रेमवालीचं अर्ध्यावर आलं होतं. मी खालून सहज वर बघितलं. खालून बघितलं की चित्र उलटं दिसतं आणि उलटं दिसलं की ते दुसऱ्याच कुणीतरी काढल्यासारखं वाटतं. म्हणूनच मला दिसलं. छिद्र चुकलं होतं. ते माथ्यावर पाहिजे होतं, मी ते समोरच्या अंगाला काढून ठेवलं होतं. एखाद्या घराचं धुराडं भिंतीला लावावं तसं.

सांगायचं म्हणजे एवढंच म्हणायचं होतं, "थांबा, चुकलंय." चार शब्दसुद्धा नाहीत. पण सांगितलं की काच रिकामी होणार, मला शीट घरी नेऊन नीट करावं लागणार, दुपार मोडणार. आणि ज्या एका गोष्टीसाठी मला इथं बसू देतात ती गोष्टही मला धड येत नाही, हे सगळ्यांना कळणार. चहा नुकताच आला होता. फ्रेमवाली पुलावरच्या आरशांवर पक्षी धडकतील का, असं काहीतरी विचारत होती. मी आरसा थोडा फिरवला आणि उजेड बरोबर त्या छिद्राखाली नेऊन ठेवला. तिला नीट दिसावं म्हणून.

संध्याकाळपर्यंत केनवडचं शीट शिरपूरनं नेलं, शिरपूरचं आणखी कुणी नेलं. दोन दिवसांत अर्ध्या वर्गाच्या ठोकळ्याला समोरून भोक पडलं.

मॅडम रजेवर होत्या, त्यांच्या जागी दुसरे सर शीटं तपासायला आले. ते आमच्याच भागातले, चिडले की हमखास घरच्या बोलीवर येणारे. त्यांनी शीटं लांब टेबलावर ओळीनं मांडली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शांतपणे चालत गेले आणि परत आले. "काय बापा," ते म्हणाले, "एवढ्या पोराइले एकाच राती एकच सपन पडलं का? पह्यलं भोक कोणं पाडलं?"

केनवडनंसुद्धा मान खाली घातली. मी उभी राहिले. धीट म्हणून नाही. बसून राहिले असते तर तिथंच रडले असते म्हणून.

सर मला रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "हात सोन्याचा हाय तुया," म्हणाले, "ध्यान कुठं राह्यते?" मग सगळ्यांना सांगितलं की ते शीट प्रत्येकानं वर्गात त्यांच्यासमोर पुन्हा काढायचं आणि यापुढची सगळी शीटंही वर्गातच. जीटी बंद.

म्हणजे माझ्या शीटची किंमत आता रद्दीएवढी. पुढचे काही दिवस मी कुणाच्या वाऱ्यालाही उभी राहिले नाही. मधल्या सुट्टीत वही, तास सुटला की बसस्टँड. केनवडनं एकदा दुरून हाक मारली, मी ऐकली नाही असं दाखवलं. चोराच्या मनात चांदणं. मला वाटायचं, माझ्यामुळं सगळ्यांना दुप्पट काम पडलं, आता हा तेच ऐकवणार.

एका दुपारी मी स्टँडवर बाकावर बसले होते. रिठदची बस लागलेली होती, ड्रायव्हर चहा घेत होता. फ्रेमवाली समोर येऊन उभी राहिली. घामाघूम झालेली. एवढ्या लांब चालत आली होती.

"काहून येऊन नाई राह्यली व तू शेडमंदी?"

"आता काय काम तिथं," मी म्हटलं. "शीट तर बंद झालं."

"मी शीटचं इचारलं का तुले?"

मग मी खरं बोलले. तिला सांगितलं की चूक मला त्याच दिवशी दिसली होती. खालून. तिचं छापून अर्धंच झालं होतं तेव्हा. मी मुद्दाम गप्प बसले, कारण सांगितलं असतं तर दुपार संपली असती. हे सांगताना मी तिच्याकडं बघत नव्हते, तिच्या चपलांकडं बघत होते.

ती माझ्या शेजारी बसली. ओढणीनं तोंड पुसलं.

"मलेबी दिसलं होतं," ती म्हणाली.

गणितात ती आमच्या सगळ्यांच्या पुढं. तिला दिसणार नाही असं कसं होईल? हे इतक्या दिवसांत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलली असती तं तू शीट गुंडाळून घरी पळाली असती, दुरुस्त करून आणतो म्हणून. मले वाटलं, बसू दे अजून थोडी. कधी नाई ते त्या दिवशी तू बोलून राह्यली होती."

"आणि केनवड?"

"त्याले काय दिसते? त्यानं तं तुयं नावबी तसंच छापलं असतं, म्या हात धरला म्हणून वाचला."

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं, आणि रागही आला तिचा. अर्धा वर्ग बुडवला हिनं, माझ्यासाठी. आणि मी इतके दिवस बसच्या खिडकीत बसून स्वतःशीच हिशेब मांडत होते की मला कोण विचारतं.

ड्रायव्हर चढला, घंटी वाजली. मी उठले नाही. बस फाटकाबाहेर पडून वळली तेव्हा फ्रेमवाली म्हणाली, "चाल, ऊन जाईन," आणि पुढं चालायला लागली. माझ्याजवळ त्या दिवशी शीट नव्हतं. मी तशीच तिच्या मागं गेले.