नातीच्या दाढा आणि लावलेलं दार

माझ्या नातीला माझे दात मिळाले. पुढे आलेले. मी याच दातांनी लग्न केलं, मुलं वाढवली, माझं काही अडलं नाही. पण ती नववीत आहे आणि फोटोत ओठ घट्ट मिटून उभी राहते.

दातांची डॉक्टर म्हणाली, वरच्या रांगेत जागाच नाही. एक तर दोन चांगले दात काढायचे, नाही तर वरच्या दाढा मागे सरकवून जागा करायची.

"चांगले दात नाही काढायचे," नात म्हणाली. त्यावर ती हटून बसली.

दाढ मागे न्यायची तर जोर कशाच्या तरी आधाराने लावावा लागतो. टाळूला चिकटणारं एक बटण असतं, त्याला स्प्रिंग. बाहेरून दिसत नाही, पण दाढ मागे ढकलताना ते पुढच्या दातांनाही थोडं पुढे ढकलतं. हिचे आधीच पुढे. दुसरा उपाय मानेमागून पट्टा आणि तोंडात तार. जोर मानेवर जातो, पुढचे दात जागेवर राहतात. पण संध्याकाळी घरी आलं की लावायचा तो सकाळपर्यंत. तिसरा उपाय हाडात बसवायचे बारीक स्क्रू. ते सहसा हलत नाहीत, आणि लावा-काढायची कटकट नाही.

वाडीत लोंगराच्या, म्हणजे केळ्यांच्या घडाच्या, भाराने वाकलेल्या केळीला आम्ही दोरीने ताण देतो. दोरी कोवळ्या झाडाला बांधली तर तेच वाकतं. त्यामुळे मला डॉक्टरचं म्हणणं समजलं. तरी हाडात स्क्रू ऐकून नात पांढरी पडली आणि मीही म्हटलं, पट्टाच बरा.

पण आमच्या होळीत, म्हणजे वस्तीत, संध्याकाळी दार लावत नाहीत. रात्रीच्या रोझरीच्या प्रार्थनेपर्यंत कोणीही आत येतं, खुर्ची ओढून बसतं. अंगणात चपला वाजल्या की पोरगी पट्टा उशीखाली टाकायची आणि मग विसरायची. पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाली, दाढा तिथेच आहेत. असंच चाललं तर दोन दात काढावेच लागतील. रिक्षात नात माझ्याकडे पाठ करून बसली.

त्या दिवसापासून मी संध्याकाळी कडी घालू लागले. शेजारीण खिडकीशी आली.

"काय गो बाय, सुनेशी भांडलीस का?"

"हो. सकाळी ये मिटवायला."

आत नात पट्ट्यासकट खो-खो हसली. सुनेने मात्र मला ऐकवलं, "आई, गावभर माझं नाव केलंत."

हळूहळू कोणी येईनासं झालं. मी खिडकीशी बसून बाहेरची बोलणी ऐकायचे.

"आजी, तुला करमत नाही ना?" नातीने विचारलं.

"नाही करमत. म्हणून काय झालं? पट्टा घट्ट कर."

पुढच्या वेळी ती डॉक्टरला स्वतःहून म्हणाली, "स्क्रू बसवा."

"माझ्यासाठी असलं काही करू नकोस," मी म्हटलं. "हाड तुझं आहे."

"तुझ्यासाठी कोण करतंय? पट्ट्याने मान खाजते."

तिने माझा हात एवढा आवळला की बांगडी रुतली. पण बधिर करायची सुई टोचल्यावर तिला दुखलं नाही, आणि स्क्रू बसायला तिचे कान टोचताना लागला होता त्याहून कमी वेळ लागला.

दार पुन्हा उघडं राहू लागलं आणि कडीचं खरं कारण शेजारणीला कळलं. काही महिने गेले. एका संध्याकाळी शेजारीण बसली होती आणि नात स्वयंपाकघरातून आ वासूनच धावत आली.

"आजी, बघ, अडकलं!"

मी चष्मा पुसून पाहिलं. दाढेच्या पुढे, जिथे दोराही जात नव्हता, तिथे खोबऱ्याचा कीस अडकला होता. शेजारीणही वाकली.

"मग आता दात काढायचे नाहीत ना गो?"

"नाहीत!" नात म्हणाली आणि तोंड भरून हसली. पुढचे दात अजून माझ्यासारखेच होते. ते मागे सरकायच्या आधी मी नीट बघून घेतले.